गुरुजी, नाक घिऊन या

सकाळी मी तोंडात ब्रश घालून अंगणात उभा असतो. तेवढ्यात समोरच्या फाटकातून हाक येते, "गुरुजी, नाक घिऊन या."

शेजाऱ्यानं शेजाऱ्याला काय मागावं याला काही रीत असते. विरजण मागावं, शिडी मागावी, फार तर वर्तमानपत्र मागून न्यावं आणि परत करू नये. नाक मागणारा माणूस अख्ख्या परभणीत एकच आहे आणि माझ्या नशिबानं तो माझ्या दारासमोर राहतो. मुंजाजीराव त्यांचं नाव. गल्ली त्यांना मुंजाभाऊ म्हणते. मी शाळेत मास्तर आहे. मुलं मला भितात, हेडमास्तर माझ्याशी शब्द मोजून बोलतात, आणि हे गृहस्थ मला गुडघे टेकायला लावून एका म्हाताऱ्या स्कूटरच्या पोटाखाली माझं नाक घालतात. वर विचारतात, "यायलाय का वास?"

वास म्हणजे पेट्रोलचा. भाऊंची स्कूटर गळायची. रोज गळली असती तर माझी काही तक्रार नव्हती. गळकी गाडी म्हणून तिचा एकदाचा निकाल लागला असता आणि तिच्याबरोबर मीही सुटलो असतो. पण ती कधीकधी गळायची. कित्येक दिवस कोरडी ठणठणीत राहायची आणि एका सकाळी अशी दरवळायची की आमच्या घरात चहालासुद्धा पेट्रोलचा वास लागायचा. का गळते, कुठून गळते, मधेच का थांबते, कोणाला काही कळत नव्हतं. आणि हे शोधायचं तर भाऊंचं स्वतःचं नाक केव्हाच निकामी झालेलं. उभा जन्म तपकीर ओढली. आता त्यांच्या नाकाशी शेण धरा नाहीतर मोगरा धरा, त्यांना दोन्ही सारखंच. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की ह्यात मला ओढायचं न्हाई. उरलो मी. लोक दुसऱ्याच्या भानगडीत आपण होऊन नाक खुपसतात. माझं नाक धरून नेऊन खुपसलं जायचं.

माझ्या एकट्याच्या साक्षीवर त्यांचा विश्वास होता असंही नाही. संध्याकाळी गाडी स्टँडवर लावली की भाऊ तिच्याखाली स्टीलचं एक ताट सरकवून ठेवायचे. स्वतःचं जेवायचं ताट. गाडी जुनी, टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पिणारी. सकाळपर्यंत पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचा तवंग ताटात राहतो. भाऊ ते ताट उन्हाला तिरपं धरून बघायचे, डोळे बारीक करायचे, मग माझ्यापुढं धरायचे. वास आणि तवंग जुळले तरच गळती मान्य. त्या ताटात ते पुन्हा जेवतात का, हे मी कधी विचारलं नाही. एकदा त्यांच्याकडं जेवायला होतो, तेव्हा वाढायच्या आधी मी माझं ताट हळूच हुंगून घेतलं होतं.

भाऊंची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. गावोगाव जाऊन गुरांना लस टोचायची, अडलेली म्हैस सोडवायची, गायीच्या पोटात हात घालून गाभण आहे का सांगायचं. पोखर्णी म्हणू नका, ताडकळस म्हणू नका, जिल्ह्यातलं एक गाव त्यांनी सोडलं नाही. इतक्या म्हशी पाहिल्यावर माणसाला सगळं जग म्हशीसारखं दिसत असावं. स्कूटर तर त्यांच्या दृष्टीनं जनावरच. "जीप पानी मागती," ते सांगायचे, "ही वाऱ्यावर थंड हुती. गरिबाची हाय." किक मारायच्या आधी तिला उजवीकडं वाकडी करायचे, पुन्हा सरळ करायचे आणि म्हशीच्या पुठ्ठ्यावर थोपटावं तसं सीटवर थोपटायचे. गाडी गळली असं ते कधीच म्हणायचे नाहीत. गळली की "पान्हा सोडला" आणि कोरडी राहिली की "आटली".

ह्या शब्दानं एकदा मोठा घोटाळा केला. गाडी गळलेली पाहून भाऊंनी गॅरेजवाल्या रफिक मिस्त्रींना घरीच बोलावलं. मिस्त्री घाईत हात हलवत आले, खाली बसले आणि विचारलं, "पान्हा हाय का घरात?" भाऊ म्हणाले, "रातीच सोडला की. म्हनून तर तुमाला बलिवलं." मिस्त्रींनी माझ्याकडं पाहिलं. मी घरात जाऊन माझा दहा-अकराचा पान्हा आणून दिला. तो अजून परत आलेला नाही, कोणाकडं आहे यावर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

सरकारी नोकरीतून भाऊंनी घरी आणलेला शब्द एकच, खुलासा. इतरांना राग येतो, भाऊंना खुलासा पाहिजे असतो. लाइट गेली की मीटरच्या डब्यासमोर उभं राहून खुलासा. दूध नासलं की गवळ्याकडं खुलासा. भाकरी करपली तर काकूंना खुलासा. काकू तव्याकडं बोट दाखवतात आणि कामाला लागतात. माझ्याकडं मागितलेले खुलासे सांगायला बसलो तर दिवस पुरणार नाही. आदल्या दिवशी वास आला होता आणि आज येत नाही, याचा खुलासासुद्धा मीच द्यायचा. मी म्हटलं, भाऊ, मी नाक आहे, टाकी नाही. तर म्हणाले, "न्हाई, जिमेदारी तर घ्यावी लागंल."

सगळ्यात मोठा खुलासा त्यांनी भंगारवाल्याकडं मागितला. बिचारा हातगाडीवर कर्णा लावून गल्लीतून जायचा. कर्णा ओरडायचा, भंगाऽर, लोखंड, प्लॅस्टिक, भंगाऽर. भाऊ धोतराचा सोगा सावरत रस्त्यात आडवे झाले. कोणाकडं बगून म्हनलास, खुलासा कर. तो म्हणाला, बाबा, हे मशीन बोलतंय, मी कुठं बोललो. भाऊंनी ऐकलं नाही. शेवटी तह झाला की आमच्या दोन घरांसमोर कर्णा बंद ठेवायचा. तेव्हापासून तो माणूस आमच्या दारावरून चोरासारखा मुकाट जातो आणि पुढच्या वळणावर पुन्हा ओरडायला लागतो. माझ्या परसात मोडक्या खुर्च्या आणि गंजलेल्या पिंपाचा ढीग साठलाय तो त्यामुळं. भंगारवाला कधी येऊन गेला हे मला कळतच नाही. एका शब्दाचा एवढा राग का, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी आपला ढिगाकडं बघून दात-ओठ खायचो.

रफिक मिस्त्रींनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? कार्बोरेटर उघडून साफ केला, त्यातली सुई बदलली, पेट्रोलची नळी बदलली, कॉक बदलला, वायसर बदलले. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजात दिवसभर उभी राहायची आणि एक थेंब गळायची नाही. मिस्त्री शपथेवर सांगायचे की गाडी ठीक आहे. भाऊ ती विजयी मुद्रेनं घरी आणायचे आणि काही दिवसांनी सकाळी पुन्हा हाक यायचीच.

मग भाऊंनी स्वतः कारणं शोधायला सुरुवात केली. अमावास्येला गळते म्हणाले, तर ती भर पौर्णिमेला गळली. दक्षिणेकडं तोंड केलं की गळते म्हणून अंगणात तिचं तोंड फिरवलं, तर उत्तरेकडं तोंड करूनही गळली. एकदा त्यांना वाटलं की माझ्या बायकोनं लसणाची फोडणी दिली की ती पान्हा सोडते, आणि फोडणी कधी देणार हे आधी कळवा, असा निरोप माझ्या घरात आला. माझ्या बायकोनं त्याला दिलेलं उत्तर मी पोचवलं नाही.

माझ्या नाकाची मात्र निगा राखली जायची. दुपारी कच्चा कांदा खाल्ला तर बोलणी. उदबत्ती लावली तर बोलणी. मला सर्दी झाली की भाऊ ओव्याची पुरचुंडी गरम करून घेऊन यायचे आणि समोर बसून हुंगायला लावायचे. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, काय शेजारधर्म आहे. शेजारधर्म कसला डोंबलाचा. गाडीसाठी चाललं होतं सगळं. नाकी नऊ येणं म्हणजे काय ते मी त्या वर्षात शिकलो.

अशात मला साखर निघाली. डॉक्टरांनी रक्त दोनदा काढलं, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवल्यावर. उपाशीपोटीची साखर अगदी व्यवस्थित. जेवल्यानंतरची वाढलेली. मी डॉक्टरांशी वाद घातला की पहिली बरोबर असेल तर दुसरी चुकीची असणार. ते म्हणाले, "गुरुजी, उपाशीपोटी सगळेच बरे दिसतात. दोष जेवल्यावर कळतो." साखर आणि तो टोमणा अशी दोन्ही घेऊन मी चिडून घरी आलो, तर फाटकाशी भाऊ उकिडवे बसलेले. रबरी नळीनं गाडीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढत होते.

मी विचारलं हे काय. म्हणाले, "उद्या मिस्त्रीकडं न्यायलोय. म्हनून उपाशी ठिवायलोय."

दर वेळी असंच करता का, असं विचारल्यावर ते माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघत राहिले. गॅरेजात भरली गाडी कोण नेतं? तिथं पेट्रोल राहतं का? आणि दुसरं म्हणजे, जनावर डॉक्टरपुढं उभं करायचं तर त्याला आदल्या दिवशी वैरण द्यायची नसते, एवढं तर कोणालाही कळतं. मिस्त्री आपल्या बाटलीतून घोटभर पेट्रोल घालायचे, गाडी चालू करायचे, बघायचे आणि सोडून द्यायचे.

माझ्या डोक्यात डॉक्टरांचं बोलणं अजून झोंबत होतं. मी म्हटलं, "भाऊ, ही पोटभर जेवते कधी?"

"रोज घालतो की बाटलीभर."

"बाटलीभर नव्हे. टाकी काठोकाठ कधी भरता?"

आता हा साधा प्रश्न. पण भाऊंचा चेहरा एकदम बदलला. नळी तशीच कॅनमध्ये टाकून ते उठले. "ते तुमाला काय करायचंय?" एवढं म्हणून घरात गेले आणि दार लावून घेतलं. जन्मभर दुनियेकडं खुलासे मागणारा माणूस, आणि त्याला एक खुलासा देता आला नाही. मी रागानं लाल झालो. माझं नाक तुमच्या टाकीखाली चालतं, आणि माझा प्रश्न चालत नाही?

संध्याकाळी काकू आमच्याकडं आल्या आणि ओट्यावर टेकल्या. खुलासा त्यांनी दिला.

चारठाण्याचा सटवाजी म्हणून एक माणूस भाऊंच्या हाताखाली शिपाई होता. दवाखाना बदलला, गावं बदलली, पण दोघांनी बदली मागून घेतली ती बरोबरच. भाऊ गाडी चालवायचे आणि सटवाजी मांडीवर लशीचा बर्फाचा डबा घेऊन मागं बसायचा. सबंध नोकरीत तो कधी गाडी शिकला नाही. शिकून काय करू, साहेब हायेत की, म्हणायचा. भाऊ रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या चहाला सगळे हसतखेळत बसले होते आणि सटवाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "सायेब, आता हे भंगार इका आन घरी निवांत बसा." त्यानं गमतीत म्हटलं. भाऊंनी कप खाली ठेवला, हार गळ्यातच होता, तसेच उठून गाडीवर बसले आणि निघून आले. त्यानंतर ना ह्यांनी फोन केला, ना त्यानं.

मग मागच्या वर्षी कोणीतरी सांगत आलं की सटवाजीला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्या संध्याकाळी भाऊंनी पहिल्यांदा टाकी काठोकाठ भरून आणली.

"एसटीनं जावा म्हनलं," काकू सांगत होत्या, "तर न्हाई म्हनतेत. ह्याच गाडीवर जाईन, तेच्या दारात हार्न वाजवीन, मगच तोंड उघडीन. आन सकाळी बगावं तर गाडी गळायलीय. मग निघंनात. गळती गाडी घिऊन गेलो तर तेचंच बोलनं खरं हुईल म्हनतेत. चार दिस गावात फिरून पेट्रोल उतरलं की गाडी आपसूक बरी. मग मिस्त्रीकडं. पुन्हा कोन तरी सटवाजीचं नाव काढतं, पुन्हा टाकी भरतेत."

काकू गेल्या आणि मला असा संताप आला की बायकोनं वाढलेलं ताट मी तसंच ठेवलं. एक शब्द. दोन म्हाताऱ्यांनी एका शब्दापायी वर्षानुवर्षं तोंड फिरवायचं, त्यातल्या एकाची बोलती कायमची बंद व्हायची, आणि दुसऱ्यानं टाकी भरायची, टाकी गाळायची, आणि शेजारच्या मास्तरानं जमिनीला नाक लावून ते सगळं हुंगायचं. मुलांनी वर्गात असं काही केलं असतं तर मी दोघांना एका बाकावर बसवून टाकलं असतं.

रविवारी सकाळी मी न बोलावता भाऊंच्या अंगणात गेलो. कॅन उचलला, पंपावरून भरून आणला आणि सांगितलं की आज गाडी माझ्यासमोर जेवेल. भाऊ कुरकुरले, पण माझा अवतार बघून बाजूला झाले. आम्ही सीट काढली आणि टाकी काठोकाठ भरली. मग मी पायरीवर बसून राहिलो. ऊन चढलं तसं टाकीच्या माथ्यावर, जिथं तिच्या तोंडाचा गळा डाक देऊन जोडलेला असतो, तिथं ओलसर रेघ उमटली. केसासारखी चीर होती. तिच्यातून पेट्रोल पाझरायचं, टाकीच्या मागच्या अंगानं आतल्या आत उतरायचं आणि बरोबर कार्बोरेटरपाशी येऊन ठिबकायचं. म्हणून सगळे बिचाऱ्या कार्बोरेटरला धरत होते. मी नळीनं निम्मं पेट्रोल काढून घेतलं. रेघ वाळली आणि ठिबकणं थांबलं.

"बघा," मी म्हटलं, "निम्म्यापर्यंत भरली तर एक थेंब गळत नाही. चिरेला डाक मिस्त्री नंतर देतील. निम्म्या टाकीत चारठाणं आरामात होतं, येताना जिंतूरला पंप आहे. निघा तुम्ही."

एवढा शोध लागल्यावर माणसानं काहीतरी बोलावं. भाऊंनी सीट परत बसवली. मग म्हणाले की परगावी न्यायचं जनावर अर्धपोटी नेत नसतात. मी म्हटलं, ते जनावर नाही, स्कूटर आहे. मग म्हणाले डाक देऊन झाल्यावर बघू. मग म्हणाले ऊन फार आहे. मग म्हणाले टायर बघावे लागतील. माझा आवाज चढला. मी म्हटलं, भाऊ, तुम्हाला जायचंच नसेल तर तसं सांगा, माझं नाक मला परत द्या.

त्यांनी डबीतून तपकिरीची चिमूट काढली. ओढली नाही, बोटांत धरून बसून राहिले.

"गुरुजी," ते म्हणाले, "मी तितं भांडायला जानार व्हतो. मनात समदं भांडन बसवून ठिवलंय. मी काय म्हनायचं, तेनं काय म्हनायचं, मग मी काय म्हनायचं. पर तेला आता बोलता येत न्हाई म्हनतेत. भांडनाला दोघं लागतेत. मी एकला जाऊन काय करू?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. गाडी गळायची तेव्हा हा माणूस खुलासा मागायचा आणि मनातून त्याला सुटल्यासारखंही वाटत असणार. मी अशा वेळी बोलण्यात कच्चा आहे. मी म्हटलं, "चला. मी मागं बसतो."

मला वाटलं होतं ते नको म्हणतील. ते उठून धोतर बदलून आले.

त्या गाडीवर मागं बसणं ही सजा आहे. सीटची स्प्रिंग कुठं संपते आणि आपलं हाड कुठं सुरू होतं ते समजत नाही. मागच्या स्टेपनीला धरावं तर ती तापलेली, भाऊंना धरावं तर ते अंग चोरतात. झरी गाव येईपर्यंत मी भाऊंना, सटवाजीला आणि ह्या रस्त्याला, तिघांनाही मनात शिव्या दिल्या. भाऊ मात्र खुशीत होते. खड्डा आला की मान न वळवता म्हणायचे, "धर." डाव्या हातानं शेतं दाखवायचे. कोणाची म्हैस कुठं अडली होती, कोणत्या शेतातल्या आखाड्यावर कोणतं कुत्रं पायाला लागलं होतं, सगळं सांगत होते. बोरीच्या अलीकडं एका विहिरीकडं हात करून म्हणाले, "सटवा, ती बग, तुजा डबा पडला व्हता ती हीर." आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मी "हो" म्हटलं.

चारठाण्यात जुन्या देवळांच्या अलीकडं एका घरापुढं त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही, उतरलेही नाहीत. हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. आतून एक तरुण माणूस धावत आला, तो सटवाजीचा मुलगा. ओसरीत बाजेवर एक हडकुळा म्हातारा तक्क्याला टेकून बसलेला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. हॉर्न ऐकून त्यानं मान वर केली.

भाऊंनी गाडीवरूनच भांडण सुरू केलं. "काय म्हनला व्हतास तू सगळ्यांदेखत? काय म्हनला व्हतास? परभनीहून आलोय हिच्यावर. बग, कुटं गळायलीय का, बग." मग ते थांबले. सटवाजीनं जिथं उत्तर द्यायचं ती जागा आली होती. भाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "आता तू म्हन, सायेब, गंमत केली मी." आणि पुन्हा आवाज चढवून म्हणाले, "गंमत? लोकांदेखत गंमत करतेत का?" दोन्हीकडचं भांडण तेच भांडत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

सटवाजी बाजेवरून उठायला लागला. मुलानं धरलं. तो पाय ओढत ओढत पायऱ्या उतरून अंगणात आला आणि गाडीपाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं तो भाऊंचा हात धरणार. त्यानं भाऊंकडं पाहिलंच नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, चांगल्या मुद्दाम रागानं पाहिलं, आणि डाव्या हातानं मला खूण केली, ऊठ तिथून.

मी उतरलो. एवढ्या लांबून हाडं खिळखिळी करून घेऊन आलेल्या माणसाला पाणीसुद्धा न विचारता उठवलं, पण मी निमूट उतरलो.

भाऊंनी उतरून गाडी स्टँडवर चढवली आणि ते पुन्हा पुढं बसले. मुलानं आणि मी मिळून सटवाजीला उचलून मागं बसवलं. एका बाजूनं मुलगा, एका बाजूनं मी, आम्ही धरून उभे राहिलो. इंजिन चालूच होतं. सटवाजीनं डावा हात वर केला आणि भाऊंच्या पाठीवर दोन थापा मारल्या. एसटीचा कंडक्टर दोन घंट्या देतो तशा. मुलगा म्हणाला, लस टोचून झाली की आबा असंच करायचे, म्हणजे साहेब गाडी काढायचे.

भाऊंनी गिअर टाकला नाही. दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवले आणि समोरच्या रस्त्याकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोखर्नी आली, सटवा. उतरतो का?"

मागून पुन्हा दोन थापा पडल्या.